परीचा पार्ट

कन्हेरी, ता. बारामती
११ फेब्रुवारी १९५४

आबाजीराव यांस मानसिंगचा रामराम.

तुमचं कार्ड पोचलं. कोल्हापूरला जाऊन एवढं दिस झालं, तवा आमची आठवण आली, हे बी कमी न्हाय. 'तुमी' म्हणतोय म्हणून हसू नका. सिनेमातल्या हिरोला अरेतुरे करायचं आमच्यासारख्यानं धाडस करू नये.

तुमी इचारलंय, "मान्या, रागावलास का?" मी कशाला रागावू? बारामतीच्या जत्रंत आपली 'रुसकी परी' झाली. ते डायरेक्टरसाहेब पुढं बसून डोळ्याला पाणी येस्तवर हसलं. खेळ संपल्यावर कनातीमागं आलं आन् तुमाला मिठी मारली. "ह्याचा सिनेमा करायचा, आणि शेतकऱ्याचं काम हाच करणार." मग माझ्याकडं वळलं. मी अजून लुगड्यातच हुतो. म्हणाले, "तुमचं काम झकास हो. पण सिनेमाला खरी बाई लागते."

खरं हाय त्यांचं. गॅसबत्तीच्या उजेडात लांबून काय बी खपतं. पडद्यावर भादरलेली मिशी दिसत असंल. मला एवढंच वाटलं, की तुमी तवा कायतरी बोलाल. पार्ट द्या म्हणायला नको हुतं. गोष्ट कुणाची एवढं तरी सांगायचं. आपण दोघं कालव्याच्या बांधावर बसलो हुतो, विहीर आटलेली. मी म्हणालो, एक जलपरी असावी, ती रुसली की विहीर भरावी. तुमी म्हणाला, मग शेतकरी तिला रोज मुद्दाम चिडवणार. मी म्हणालो, आन् चिडवता चिडवता जीव जडला, आता चिडवणं जमंना, विहीर पुन्ना आटली, आता काय करतोस? तितनं सगळं नाटक उभं राहिलं. आठ वर्सं आपण ते केलं. तुमी शेतकरी, मी परी.

तुमी गप उभं राहिलात. मोटारीत बसून गेलात.

असो. हिकडं वांगी बरी आल्यात. बानू म्हणती, आता नाटक न्हाय तर केस कापा, बाजारात लोक मागनं बघून वयनी म्हणत्यात. बघू.

कळावं.
मानसिंग

---

बारामती
२२ एप्रिल १९५४

आबाजी,

आज 'तुमी' सोडलं. रागात 'तुमी' टिकत न्हाय.

वांग्याच्या पाट्या उतरवून न्हाव्याच्या दुकानात गेलो. तितं साप्ताहिक पडलेलं. उघडलं तर तू. डोक्याला मुंडासं, हातात वांग्याची पाटी, आन् शेजारी ती. 'नवतारका कुमारी पुष्पलता.' न्हावी म्हणाला, "काय जोडा हाय, मानसिंगराव!" मी म्हणालो, व्हय, पाटी चांगली हाय.

फोटूत ती रुसलीया. पाठ फिरवून, हनुवटी खांद्यावर टेकवून, एका डोळ्यानं मागं बघतीया. आबाजी, ते माझं हाय. पाठ फिरवायची खरी, पर डोळा मागं ठेवायचा, न्हायतर ती रुसणं न्हाय, भांडण हुतं, हे मला कळायला दोन जत्रा लागल्या. तिला ते तू शिकवलंस काय? आठ वर्सं माझ्यासमोर उभं राहून बघितलंस, आन् जाऊन तिच्या पदरात टाकलंस?

तुझ्या कार्डात तिचं नाव पाच-सहा जागी हाय. "फुलाला शेतातलं सगळं ठावं हाय." "फुला लई हसवती." तिचं खरं नाव फुला हाय तर. मला काय करायचंय तिचं नाव? माझ्याबद्दल एकच ओळ, "तू कसा हायेस?"

बरा हाय. न्हावी थांबलाय, पर केस आज बी कापले न्हाईत.

मानसिंग

---

कन्हेरी
२७ नोव्हेंबर १९५४

आबाजी,

नरसिंहपूरला तू आन् मी एकाच नदीवर हुतो आन् आपलं बोलणं झालं न्हाय. म्हणून लिवतो. तू समोरच्या काठाला हुतास, अलीकडं काय झालं ते तुला ठावं नसंल.

मी काय शूटिंग बघाय आलो नव्हतो. नरसिंहाच्या दर्शनाला आलो हुतो. बानू म्हणाली, "देव कुठं पळून चाललाय का? कंपनी आल्यावरच कसं दर्शन सुचतंय?" बायकू लई शानी असणं बरं न्हवं.

भीमा आन् नीरा मिळत्यात त्या पाण्यातनं परी वर यायची, तुझ्या हातनं पाटी पडायची, एवढंच त्या सकाळी घ्यायचं हुतं. तुमची पुष्पलता पाण्यात घोट्याएवढी गेली आन् थांबली. पांढरीफटक. साहेब गोड बोलले, मग ओरडले, पर ती पाऊल टाकंना. मला, खरं सांगतो, लई बरं वाटलं. असं गार गार वाटलं.

मग एकजण गर्दीत हिंडत इचारू लागला, "पवणारा कोण हाय का? अंगानं बारीक? पाठमोराच दिसायचाय." त्याची नजर माझ्या केसांवर आली. मी न्हाय म्हणणार हुतो. तोंडातनं व्हय आलं.

मला कनातीत नेलं. ते चंदेरी लुगडं मला तिनंच नेसवलं. माझ्या डोळ्याला डोळा देऊन बोलली. "दादा, पाणी गार हाय, आधी अंगाला तेल लावा." मग म्हणाली, "तुमीच ते कन्हेरीचे मानसिंग ना? माझी आई इंदापूरच्या जत्रंत बांगड्या विकायची. तितं तुमचं नाटक बघितलंय मी. ती पाठ फिरवून बघायची तऱ्हा तुमचीच चोरलीया. सायबांना सांगितलं बी मी." चोरी अशी तोंडावर कबूल केली तर माणसानं काय करायचं? मला तिचा राग करायची सोय राह्यली न्हाय, म्हणून जास्तच राग आला.

मागं निऱ्या खोचताना हळूच म्हणाली, "मला पाण्याचं लई भ्या वाटतं. कुणाला सांगू नका, दादा. परी आन् पाण्याला भिती म्हणून लोक हसतील." मी म्हणालो, न्हाय सांगत.

मग मी बुडी मारली. खाली किती येळ ऱ्हायलो ठावं न्हाय. वर आलो, केस मागं टाकलं, आन् समोर तू. तुला सांगितलं असणार कुणीतरी पवणारा हाय. तू बघितलंस, तुझ्या हातनं पाटी सुटली, आन् तुझं ओठ 'मान्या' म्हणाले. आवाज आला न्हाय, पर आठ वर्सं मी तुझं ओठ बघूनच पुढचं वाक्य उचलत आलोय. मला चुकणार न्हाय.

साहेब नाचायला लागलं. "काय चकित झालाय! हेच पाहिजे! हेच!"

मी कापडं बदलून आलो तवा तुमची मोटार गेलेली. तू थांबाय पाहिजे हुतंस, आबाजी.

मानसिंग

---

कन्हेरी
१४ एप्रिल १९५५

आबाजी,

तुमचा सिनेमा बारामतीच्या तंबूत लागला. पुण्याच्या पेपरात 'गावठी पोरखेळ' म्हणून छापलंय म्हणं. हितं इचारशील तर तंबूची कनात फाटायची राह्यलीया. कन्हेरीतनं बैलगाड्या जुपून माणसं गेली. आमच्या आळीतली रंगूबाई म्हातारी, जी देवळाबिगर कुठं जात न्हाय, ती बी गाडीत.

मी चुका काढायच्या म्हणून बसलो हुतो. आन् हसलो. तुझी वांगी पाण्यावर तरंगत जात्यात आन् तू त्यांच्यामागं पळतोस, तितं बानूच्या खांद्यावर डोकं टेकवून हसलो. आपल्या नाटकात हे नव्हतं. ते बी लागलं मनाला.

मग नदी आली. माझी पाठ आली, आन् पाठीपल्याड तुझं तोंड. आबाजी, तू तसं कुणाकडं बघितलेलं मी कधी बघितलं न्हाय. सगळ्या तंबूत शिट्ट्या, फेटं वर. बानू माझ्याकडं वळली. तिला माझी पाठ ठावं हाय, खांद्याखालचा मस ठावं हाय. म्हणाली, "आबाजीभावजी तुमच्याकडं असं बघत्यात व्हय?" तिच्या बोलण्यात काय हुतं ते मला अजून उमगलं न्हाय. आन् लगीच पडद्यावर ती समोरनं आली, कोरडी ठाक, केसात मोती, आन् तू तेच बघणं घेऊन तिच्यासाठी गायला लागलास. बांधावर बसून आपण जुळवलेलं गाणं.

तेवढ्यात मागनं आमच्या गावचा सावळाराम बोलला, "परी असावी तर अशी! आपला मानसिंग म्हंजी लुगडं नेसवलेली पहार."

हसले लोक.

मी उभा राह्यलो. सदरा काढला. ओरडलो, "आरं, नदीतनं वर आली ती बाई न्हवं! ती पाठ माझी हाय! तिला पाण्याचं भ्या वाटतं, घोट्याएवढ्या पाण्यात ती पांढरीफटक पडली!" मशीनचा उजेड माझ्यावर पडला, माणसं म्हणत्यात माझ्या पाठीवर तिचंच तोंड हालत हुतं. खेळ बंद पडला. सावळाराम पडद्यावर दिसलेला मस माझ्या पाठीवर बघून गेला. मग जो हशा झाला, तो सिनेमात कुठंच झाला नव्हता.

आता रोज खेळाला ती जागा आली की लोक ओरडत्यात, "मानसिंग! मानसिंग!" बाजारात मला चा पाजत्यात. समजू दे की कुणाची पाठ हाय ती.

तुमा दोघांचं लगीन ठरलंय असं लोक बोलत्यात. खरं का?

मानसिंग

---

कन्हेरी
१७ मे १९५५

आबाजी,

सिनेमाच्या सत्काराला तू बारामतीत आलास आन् कन्हेरीला आला न्हाईस. मीच आलो हुतो. गर्दीच्या शेवटाला खांबाला टेकून उभा हुतो. तू मला बघितलं नसणार.

तू छान दिसत हुतास. तुझ्या गळ्यात हार पडला. मग तिला माईकपुढं बोलवलं. ती नमस्कार करून म्हणाली, "बारामतीकर मंडळी," आन् पुढून एकजण ओरडला, "बाप्या!" मग दुसरा. मग सगळं मैदान, "मानसिंग! मानसिंग! बाईला पाण्यात टाका!" एकानं तर तांब्यातलं पाणी तिच्या पायावर ओतलं.

माझं नाव हजार तोंडात हुतं. आयुष्यभर जे पाहिजे हुतं ते. आन् मला वाटत हुतं, गप बसा रं, गप बसा.

ती रडली न्हाय. तुझ्याकडं बघितलं तिनं. तू शेजारीच उभा हुतास. तुझ्यासमोर दुसरा माईक हुता, आबाजी. एक शब्द बोलला असतास, तर हे लोक गप झाले असते. तुझं ऐकत्यात ते. तू खाली बघितलंस.

ती उतरून गेली.

तिनं तुझ्याकडं जसं बघितलं, ते मला वळखीचं हाय. जत्रंच्या कनातीमागं लुगड्यात उभं राहून मी तसंच बघितलं हुतं. मला वाटायचं, तू गप बसलास ते मला टाळायला. न्हाय. तू सगळ्यांसाठीच गप बसतोस.

आग मी लावली, हे मला कळतंय. पर इझवायला तू जवळ हुतास.

मानसिंग

---

कन्हेरी
९ जून १९५५

आबाजी,

तुझं पाकीट मिळालं. एवढं लांबलचक पत्र तू मला पहिल्यांदा लिवलंस. चार पानं. चारी पानं तिच्यावर. ती कोल्हापूर सोडून गेली, आईकडं न्हाय, पुण्याला न्हाय, दुसऱ्या सिनेमावाल्यांनी बी हुडकाय माणसं पाठवली, पत्ता न्हाय. शेवटाला लिवलंस, "मान्या, तुझ्या कानावर काय आलं तर कळव, पाया पडतो."

हे पत्र मी दोन दिस फळीवर ठेवलं हुतं. 'ठावं न्हाय' असं लिवणार हुतो. का, ते तूच वळख.

फुला हितं हाय. माझ्या घरात.

सत्कारानंतर आठ-दहा दिसांनी यष्टीतनं उतरली, पत्र्याची टरंक घेऊन चालत आली. मी वांग्याला पाणी देत हुतो. बांधावर उभी राहून म्हणाली, "दादा, मी तुमाला म्हणाले हुते, कुणाला सांगू नका."

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर मला बी देता आल्या असत्या. माझ्या हातातलं खोरं तसंच राह्यलं, पाणी दुसऱ्याच सरीत गेलं.

बानू पुढं झाली. "आत या. आधी पाणी प्या, दोन घास खावा, मग भांडा. उपाशी माणसाला भांडाय जोर येत न्हाय."

जेवल्यावर मी म्हणालो, "बाई, माझं चुकलं. माझी जळजळ हुती. तुमचा पार्ट माझा हुता."

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "मी तुमच्या जागी असते तर कनातीतच माझा गळा धरला असता."

बानू म्हणाली, "आन् मी दोघींचा धरला असता." आमी तिघं बी हसलो. बानूनं मला 'दोघीं'त धरलं ते मागनं ध्यानात आलं.

फुलानं मग सांगितलं ती कशाला आली ते. साहेबांना पुढच्या सिनेमात बी पाणीच पाहिजे, लोकांना तेच आवडलंय. तिला म्हणाले, घाबरू नकोस, आपण त्या मानसिंगला बोलवू. ती म्हणाली, "मला आता कुणाची पाठ नको. तुमी नासवलंय, तुमीच निस्तरा. मला पवायला शिकवा."

सांगू का आबाजी, मला कसं वाटलं? माझी एवढी एकच जागा हुती तुमच्या सिनेमात. पाठ. ती बी मागाय आली हुती बया.

रात्रभर अंग तापलं. सकाळी उठून तिला पाण्यावर तरंगायला वाळल्या भोपळ्याची सांगड बांधली.

पहिल्या दिशी विहिरीच्या पायरीवर बसूनच तिचे दात वाजत हुते. बानू वरनं दोर धरून, मी पाण्यात. तिनं माझ्या मानंला अशी मिठी मारली की मीच बुडायचा. ओरडली, ओरबाडलं, "न्हाय जमणार" म्हणून वर गेली. दुसऱ्या दिशी न बोलवता पुन्ना उतरली. आळीतल्या बायका बघाय येऊन बसल्या. रंगूबाई म्हणाली, "ही तर सिनेमातली न्हवं का?" फुला पाण्यातनं म्हणाली, "न्हाय आजी, शिनिमात ह्ये हुते." बायका हसल्या आन् मी बी हसलो, बारामतीत हसले तसलं हे हसू नव्हतं.

काल तिनं सांगड सोडली. मी बाजूला झालो. हातपाय मारत ती आख्खी विहीर आडवी पार करून गेली, कपारीला धरलं, आन् तोंडावरचं केस मागं टाकून माझ्याकडं बघितलं. मला कळलं, पुढल्या सिनेमात लोक फेटं उडवतील ते ह्याला. माझ्याहून बरं दिसत हुतं. लिवताना हात जड झालाय, पर बरं दिसत हुतं.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. पहिल्या पानाला पाठ फिरवून बसली. चौथ्या पानाला म्हणाली, "कळवायचं तर कळवा. पर मी बोलवलंय असं लिवू नका."

तर लिवतो. ती तुला बोलवत न्हाय. मी बी बोलवत न्हाय. मला ठावं हाय, तू येशील ते तिच्यासाठी येशील. दीड वर्स झालं, माझ्यासाठी तुला कन्हेरीचा रस्ता घावला न्हाय. हे अजून जळतं. खोटं कशाला बोलू.

तरी ये. बारामतीला उतरून चालत ये, म्हंजी काय बोलायचं ते ठरवायला तुला येळ मिळंल. तिला काय सांगायचं ते ठरव, आन् जमलं तर मला बी एक वाक्य आण. लहान असलं तरी चालंल.

पर हितं येऊन खाली मान घालून गप उभा राह्यलास, तर विहीर दारातच हाय. आमा दोघांना आता पवता येतं. तुला येत न्हाय.

मान्या